नगरची जुनी दुचाकी: दुरुस्ती, फेरबदल आणि जतन

अहिल्यानगर जिल्हा, 2024 मध्ये नाव बदलेपर्यंतचा अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आहे. 17,048 चौरस किलोमीटरच्या या मुलखात अकोल्याचा पावसाळी डोंगरपट्टा येतो आणि जामखेड-कर्जतचे कोरडे माळही येतात. शेतकरी बहुधा गावठाणात न राहता मळ्यात, वस्तीवर राहतो. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून पुढे घर कोस-दीड कोस आत असते. अशा जिल्ह्यात दुचाकी ही लवकरच गरजेची वस्तू झाली आणि ती मोडली की दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज जुनी मोटारसायकल घरच्या पडवीत खोलून पुन्हा उभी करणे हा छंद मानला जातो. या छंदाला लागणारी सगळी कारागिरी मात्र जिल्ह्यात पोटापाण्याच्या कामातून आली आहे. लष्करी छावणी, उसाचा आणि दुधाचा पैसा, आणि दौंड रस्त्यावरचा लूनाचा कारखाना, असे तिचे तीन उगम सांगता येतात.

यांत सर्वांत जुनी छावणी. रणगाडे आणि चिलखती वाहनांचे प्रशिक्षण इंग्रजांच्या काळापासून नगरमध्ये होत आले. स्वातंत्र्यानंतर आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच उभे राहिले. फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्थाही नगरला आली आणि पुढे ती व्हीआरडीई या नावाने ओळखली जाऊ लागली. छावणीभोवती मोटार मेकॅनिक, वेल्डर, टर्नर, पेंटर यांची वस्ती वाढत जाते, तशी ती इथेही वाढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी फौजांसाठी बीएसए एम-20, नॉर्टन 16-एच, मॅचलेस जी-3 अशा मोटारसायकली मोठ्या संख्येने बनल्या होत्या. युद्ध संपल्यावर देशभरात लष्कराने नको असलेली वाहने लिलावात काढली. ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून ही वाहने आणि त्यांचे सुटे भाग पुढे कित्येक वर्षे बाजारात फिरत राहिले.

या गाड्यांचे आयुष्य लांबले त्यामागे सरकारी धोरण होते. पन्नाशीच्या दशकात परदेशी वाहनांची आयात जवळपास बंद झाली. नवी गाडी येत नाही आणि जुनीचा भागही येत नाही, अशा वेळी भाग घडवणे एवढाच मार्ग उरतो. झिजलेली बुशिंग पितळेची कातून घ्यायची, तुटलेला अॅक्सल लेथवर नवा करायचा, सिलिंडर झिजला की बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. माप 0.25, 0.50, 0.75 मिलिमीटर असे पायरीपायरीने वाढते. शेवटची पायरी संपली की सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे. एकच इंजिन तीन पिढ्या चालते ते असे. आजही घरी गाडी उभी करणारा माणूस बोअरच्या कामासाठी लेथवाल्याकडे जातो तेव्हा त्याला मिळते ती त्या टंचाईत घडलेली विद्या.

दुसरा उगम उत्तर भागातला. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी हा पट्टा भिजवला. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागून जिल्ह्यात एकेक कारखाना उभा राहत गेला. कारखान्याने शेतकऱ्याच्या हाती उसाचे पैसे दिले. पण दुचाकीच्या इतिहासात कारखान्याच्या वर्कशॉपलाही तेवढेच महत्त्व आहे. गाळप हंगाम संपला की यंत्रे खोलून, साफ करून, झिजलेले बदलून पुन्हा बांधायची, ही साखर कारखान्याची वार्षिक शिस्त आहे. त्या कामावर राहिलेल्या फिटरला मोटारसायकलचे इंजिन म्हणजे लहान प्रकरण.

याच काळात देशी मोटारसायकली आल्या. मद्रासला 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन होऊन 350 सीसीची बुलेट बनू लागली. म्हैसूरला आयडियल जावाने 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या तयार केल्या. त्याच पुढे येझदी झाल्या आणि 1996 पर्यंत निघत राहिल्या. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून 173 सीसीची राजदूत काढली. बुलेट बागायतदाराची आणि पुढाऱ्याची, येझदी शहरातल्या हौशी तरुणाची आणि राजदूत सगळ्यांची, अशी साधारण वाटणी होती. राजदूत जोरात पळत नव्हती, पण चिखलात अडत नव्हती आणि तिचे इंजिन पान्यांच्या एका जुडीत उघडत होते. खेड्यात तिला मान मिळाला तो या दोन गुणांवर.

फेरबदलांचा खरा इतिहास इथून सुरू होतो आणि तो दुधाशी बांधलेला आहे. सत्तरीच्या दशकात संकरित गायी आल्या, दूध संघ वाढले. संगमनेर, कोपरगाव, राहाता भागांत पहाटे वस्त्यांवरून दूध गोळा करून संकलन केंद्रावर पोचवणे हा स्वतंत्र धंदा झाला. त्यासाठी राजदूत किंवा येझदीच्या मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलचे कॅरिअर वेल्ड करून घेत. दोन बाजूंना चाळीस लिटरचे दोन कॅन, कधी त्यांवर आणखी एखादी किटली. भरलेले दोन कॅन म्हणजे शंभर किलोच्या आसपास वजन. हे वजन गाडीच्या मूळ आराखड्यात धरलेलेच नव्हते, म्हणून एक बदल दुसऱ्याला ओढून आणत असे. शॉकअॅबसॉर्बरची स्प्रिंग जाड घातली जाई. मागच्या चाकाला जास्त जाडीचे स्पोक लागत. मागची चक्री जास्त दात्यांची बसवली की वेग घटे, पण चढाला ओढ वाढे. चेसिसवर मागे, सीटखाली, जिथे भेग पडते तिथे आधीच पट्टी मारून ठेवत. पुढे वजन कमी आणि मागे जास्त झाल्याने हँडल हलके लागे, तेव्हा गाडी वळवायची कशी हे चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असे. कोणत्याही कारखान्यात न आखलेली अशी ही गाडी रस्त्यावर, वेल्डरच्या टपरीत आणि घरच्या अंगणात टप्प्याटप्प्याने तयार झाली. यांत्रिकीच्या दृष्टीने पाहिले तर हे फेरबदल विचारपूर्वक केलेले होते. जुन्या गाड्यांवरच्या लिखाणात त्यांची नोंद जवळपास सापडत नाही ही मोठी उणीव आहे.

शेतातही तसेच झाले. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये बुलेटला कोळपे जोडून ‘बुलेट सांती’ बनवली आणि तिची देशभर चर्चा झाली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही मोडीत निघालेल्या दुचाकींच्या इंजिनांवर कोळपणी आणि फवारणीची यंत्रे बसवली. डिझेल स्वस्त म्हणून बुलेटमध्ये डिझेल इंजिन घालण्याची पद्धत देशभर पडली होती. पुढे एन्फिल्डने स्वतःच टॉरस ही डिझेल गाडी काढली. तिला वेग नव्हता, धडधड फार होती, तरी एका लिटरमध्ये ती पेट्रोलच्या बुलेटपेक्षा कितीतरी लांब जाई.

तिसरा उगम सर्वस्वी नगरचा. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक कुंदनमल फिरोदिया हे 1946 ते 1952 मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल आणि हस्तीमल यांनी वाहन उद्योगात पाऊल टाकले. भारतात रिक्षा रुजवण्यात आणि बजाज टेम्पोच्या उभारणीत फिरोदियांचा वाटा मोठा आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये लूना बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर ती आधारलेली होती. नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात ती बनत असे. शहरातला कायनेटिक चौक आजही त्या कारखान्याचे नाव चालवतो.

1972 हे महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे साल आणि नगर जिल्ह्याला त्याची झळ जबर बसली होती. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले. 50 सीसीची, दोन हजार रुपयांच्या आसपास किमतीची, गिअर नसलेली आणि पेट्रोल संपले तर पायडल मारून घरी नेता येणारी गाडी नेमकी अशा वेळी आली. शिक्षक, पोस्टमन, नर्सबाई, किराणा दुकानदार, एलआयसीचे एजंट या सगळ्यांची ही पहिली गाडी. मोटारसायकल घेणे ज्यांना कधीच परवडले नसते त्यांना लूनाने यंत्राचे मालक केले. ऐंशीच्या दशकात पियूष पांडे यांनी केलेल्या ‘चल मेरी लूना’ या जाहिरातीने तिचे नाव देशभर घरोघरी पोचले.

दुरुस्तीच्या इतिहासात लूनाचे महत्त्व आणखी निराळे आहे. तिचे टू-स्ट्रोक इंजिन इतके साधे होते की घरातल्या शाळकरी पोरानेही ते उघडावे. गाडी चढाला दमली की निदान ठरलेले असे: पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जळून सायलेन्सरमध्ये कार्बन साठला आहे. सायलेन्सर उतरवायचा, आतली नळी काढून चुलीच्या जाळावर लाल करायची, थंड झाली की ठोकून काजळी झाडायची. सिलिंडरचे हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा थर बोथट पात्याने खरवडायचा, पिस्टनला ओरखडा पडू द्यायचा नाही. प्लगवर काळा चिकट थर दिसला तर ऑइल जास्त पडते आहे, पांढरट दिसला तर कार्बोरेटरला हवा जास्त मिळते आहे. आज बुलेट उभी करणाऱ्या नगरच्या कित्येक प्रौढ माणसांचा हात असाच घरातल्या लूनावर बसला. कारखान्यात काम करणारे कामगार, त्यांना माल पुरवणारे नागापूर एमआयडीसीतले छोटे कारखानदार आणि आयटीआयमधून बाहेर पडणारी मुले यांच्यामुळे शहरात यंत्र जाणणारा एक वर्गच तयार झाला.

लूनाचेही फेरबदल झाले. पुढच्या पायदानावर पोते ठेवायची सोय तिच्यात होतीच. मागे लाकडी फळी किंवा जाळीचे खोके बांधून पाव, भाजी, अंडी, कुल्फी विकणाऱ्यांनी ती चालते दुकान म्हणून वापरली. लूनाचे उत्पादन नव्या शतकाच्या सुरुवातीला थांबले आणि कायनेटिकचा दुचाकीचा व्यवसाय 2008 मध्ये महिंद्राकडे गेला. नगरच्या कारखान्यात वाहनांचे सुटे भाग बनत राहिले. फेब्रुवारी 2024 मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ई-लूना आणली. तीही याच जिल्ह्यात तयार होते आणि तिची ओझे वाहण्याची क्षमता 150 किलो सांगितली जाते. जुन्या लूनाच्या मालकांनी मागे फळी बांधून जे दाखवून दिले होते ते नव्या आराखड्यात मुळातच धरले गेले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात चित्र पालटले. जपानी कंपन्यांच्या भागीदारीतून 100 सीसीच्या गाड्या आल्या. 1985 मध्ये हिरो होंडा सीडी-100 आणि यामाहा आरएक्स-100 आल्या. शेजारच्या वाळूजला त्याच सुमारास बजाजचा कारखाना सुरू झाला. सीडी-100 चे मायलेज पाहून राजदूत आणि येझदी मागे पडल्या. 2000 साली उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा काळ संपला. नव्वदीत आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत जिल्ह्यातल्या असंख्य जुन्या गाड्या भंगारात गेल्या, गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजल्या किंवा त्यांचे इंजिन विहिरीवरच्या कसल्याशा जुगाडाला लागले. आज जे हाती लागते ते या काळातून वाचलेले.

छंद म्हणून गाडी उभी करण्याची लाट त्यानंतरची. बुलेटला पुन्हा मागणी आली. जावा-येझदीचे मालक जुलैच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा दिन पाळू लागले. आरएक्स-100 ची किंमत तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली. नगरच्या माणसाला सुट्या भागांसाठी पुणे जवळ. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकाने आणि रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणे. येझदीचे भाग आता नव्याने बनतात, राजदूतचे मिळवावे लागतात आणि लूनाचे नशिबाने मिळतात.

घरी गाडी उभी करण्याची रीत साधारण ठरलेली आहे. खोलण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढायचे, कारण सहा महिन्यांनी वायर कुठून कुठे गेली होती हे कुणालाच आठवत नाही. नट-बोल्ट भागानुसार वेगळ्या डब्यांत ठेवायचे. टाकीत गंज असेल तर आधी तो काढायचा, नाहीतर नवा केलेला कार्बोरेटर आठवड्यात तुंबतो. इंजिनाचे सर्वांत नाजूक काम क्रँकचे. टू-स्ट्रोक गाडीचा क्रँक दोन चकत्या आणि मधली पिन दाबून बसवून तयार होतो. बिग-एंडचे बेअरिंग वाजू लागले की प्रेसवर तो सुटा करून नवा रॉड घालावा लागतो. पुन्हा दाबल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत आहेत का, हे लेथच्या सेंटरमध्ये धरून डायल गेजवर पाहतात. सुई काही शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर कारागीर तांब्याच्या हातोडीने चकतीवर नेमकी एक ठोक देतो आणि पुन्हा फिरवून पाहतो. हे काम जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. क्रँकची सील जुनी राहिली तर इंजिन बाजूने हवा ओढते, रेस आपोआप वाढते आणि मालक कार्बोरेटरलाच दोष देत बसतो.

इग्निशनच्या पॉइंटमधले अंतर जावाला 0.4 मिलिमीटर लागते. फीलर गेज नसेल तेव्हा मेस्त्री पोस्टकार्ड घालून पाहत. बुलेटचे टॅपेट इंजिन थंड असताना असे बसवायचे की पुशरॉड बोटांनी फिरावा, पण वरखाली हलू नये. रंगाच्या कामात शेवटची परीक्षा टाकीवरच्या लायनिंगची. केसांच्या लांब ब्रशाने, एका दमात, करंगळी टाकीवर टेकवून पेंटर सोनेरी रेघ ओढतो. आता बहुतेक जण स्टिकर लावून रेघ आणतात आणि जवळून पाहिले की फरक लगेच कळतो.

या छंदाला कायद्याची चौकट आहे आणि तिचा इतिहासही समजून घेण्यासारखा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पक्की केली. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओकडे गाडी दाखवून ती वाढवावी लागते. जिल्ह्यात हे काम नगरच्या एमएच-16 आणि श्रीरामपूरच्या एमएच-17 या कार्यालयांत होते. गोठ्यात सापडलेल्या गाडीची कागदपत्रे नसतील किंवा मूळ मालक वारला असेल, तर इंजिन बांधण्यापेक्षा कागद जुळवायला जास्त दिवस लागतात. म्हणून जाणकार आधी चेसिस नंबर पाहतात आणि नंतर इंजिनाला हात लावतात.

जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. साहेबाच्या बंगल्यात झाकून ठेवलेली गाडी या अटीत सहज बसते. तीस वर्षे दोन कॅन वाहिलेली, पट्टी मारलेली, चक्री बदललेली राजदूत मात्र सहजासहजी बसत नाही. तिचे कॅरिअर कापून, भेगा भरून, तिला कारखान्यातून निघाली तशी करायची की दुधाची गाडी म्हणून राखायची, हा प्रश्न जिल्ह्यातल्या जतनकर्त्यापुढे खरोखर उभा राहतो. क्रोमने लखलखणाऱ्या राजदूत देशात पुष्कळ सापडतील. कॅनच्या कॅरिअरसकट राखलेल्या गाड्या विरळ आहेत आणि या जिल्ह्याचे दूध कसे पोचले हे त्याच सांगू शकतात. निदान काही गाड्या तशा राहायला हव्यात. लूनाच्या बाबतीत तर घाई करायला हवी. पहिल्या लूनांना 2022 मध्ये पन्नास वर्षे पुरी झाली, म्हणजे नियमाने त्या व्हिंटेज ठरू लागल्या. तरी संग्राहक आरएक्स-100 साठी लाखात मोजतात आणि लूना किलोच्या भावाने देतात. नगरमध्ये रणगाड्यांचे संग्रहालय 1994 पासून आहे. याच शहरात बनलेल्या, लाखो घरांत गेलेल्या गाडीकडे तेवढ्याच आस्थेने पाहिले जायला हवे.

जुन्या गाडीपुढची नवी अडचण पेट्रोलची आहे. 2000 साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले तेव्हा जुन्या चार-स्ट्रोक इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटचा प्रश्न निर्माण झाला होता. तो कडक सीट बसवून सोडवला गेला. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आणि 2025 पर्यंत ते देशभर पोचले. हे इथेनॉल पुरवणाऱ्यांत नगर जिल्ह्यातले साखर कारखानेही आहेत, म्हणजे ज्या उसाने बुलेट घेऊन दिली त्याच उसाचा रस आता तिच्या टाकीत जातो. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाला बसते आणि टाकी आतून गंजते. जुन्या रबराची नळी, फ्लोटच्या सुईचे टोक, पेट्रोल कॉकचा वॉशर हे फुगतात किंवा चिकट होतात. टू-स्ट्रोक गाडीत टाकीतच ऑइल मिसळत असल्याने कोणते ऑइल त्यात नीट विरघळते हेही पाहावे लागते. जाणकारांनी यावर काढलेले उपाय साधे आहेत. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालायच्या, टाकीला आतून लेप द्यायचा, मुख्य जेट एक आकडा वाढवून प्लगचा रंग पाहायचा, आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवायचे.